शेवटचे पाचशे मीटर : तारेवरून रंगलेल्या ऑस्ट्रेलियाच्या निवडणुकांची गोष्ट

माझी भाची मेलबर्नमध्ये भाड्याचं घर शोधतेय. गेल्या आठवड्यात तिने एका घराचे फोटो पाठवले. स्वयंपाकघरात भरपूर उजेड, मागे लिंबाचं झाड. खाली लिहिलं होतं, "मामा, घर आवडलंय, भाडंही झेपतंय. पण इथला एजंट म्हणतो इंटरनेट 'एफटीटीएन' आहे, आणि ऑफिसातले म्हणतात की मग घेऊ नकोस. एवढं वाईट असतं का ते?"

तिने मला विचारलं, कारण मी आयुष्याची वीसेक वर्षं टेलिफोनच्या केबलवर काढली. एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण त्या अक्षरांमागे ऑस्ट्रेलियाच्या तीन निवडणुका आहेत. एक सरकार बनताना हा विषय निर्णायक ठरला आणि पुढच्या निवडणुकीत हाच विषय प्रचाराच्या अग्रभागी होता. जमिनीखालच्या तारेवरून अख्खा देश पंधरा वर्षं भांडला असं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी तार कुठून कुठे जाते ते पाहू

जुन्या लँडलाइनची रचना जगभर साधारण एकसारखीच. एक्स्चेंजमधून मनगटापेक्षा जाड केबल निघते, तिच्यात तांब्याच्या शेकडो जोड्या असतात. ती रस्त्याकडेच्या कॅबिनेटपर्यंत येते. आपल्याकडे त्यालाच कोणी पिलर म्हणतं. तिथून लहान केबल फुटून खांबावरच्या डीपीपर्यंत, म्हणजे तारा वाटून देणाऱ्या छोट्या पेटीपर्यंत, जाते, आणि डीपीतून दोन तारांची एक जोडी तुमच्या घरात शिरते. त्या जोडीला आम्ही नुसतं 'पेअर' म्हणायचो.

एफटीटीएन म्हणजे 'फायबर टू द नोड'. नोड म्हणजे तेच रस्त्याकडेचं कॅबिनेट. तिथपर्यंत काचेची तार, म्हणजे फायबर, आणि पुढे घरापर्यंत जुनंच तांबं. एफटीटीपी म्हणजे थेट घरात फायबर. फरक फक्त शेवटच्या काही शे मीटरचा आहे.

नळपाणी योजनेचं उदाहरण घ्या. धरणापासून गावच्या टाकीपर्यंत नवी मोठी जलवाहिनी टाकली, पण टाकीपासून घरापर्यंत आजोबांच्या वेळची गंजकी पाइपलाइन तशीच ठेवली. पाणी नक्की सुधारेल. ज्याचं घर टाकीला लागून आहे तो खूष होईल. वाडीच्या टोकाला राहणाऱ्याच्या नळाला मात्र करंगळीएवढीच धार येईल.

ढोल लांबून ऐकू येतो, ताशा नाही

तांब्यातून वेग कमी का मिळतो? गणपतीची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा घरात बसून ढोलाचा घुमणारा ठोका ऐकू येतो. ताशाची तर्री मात्र मिरवणूक कोपऱ्यावर आल्यावरच कानावर पडते. उंच पट्टीचा आवाज अंतरात लवकर विरतो. तांब्याच्या तारेतही हेच होतं. फोनवरच्या बोलण्याला खालची पट्टी पुरते, म्हणून पाच किलोमीटरवरच्या घरातही फोन वाजायचा. इंटरनेटला वेग हवा असेल तर पट्टी खूप उंच न्यावी लागते, आणि उंच पट्टी तांब्यात दूरवर टिकत नाही.

त्यात भर शेजाऱ्यांची. एकाच केबलमध्ये शेकडो जोड्या एकमेकींना चिकटून असतात. एकीतला संदेश दुसरीत थोडा थोडा झिरपतो. जितकी घरं जोडाल तितका हा गोंगाट वाढतो.

म्हणून एफटीटीएनचा वेग घर आणि कॅबिनेट यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असतो. दोन-तीनशे मीटरवरच्या घराला ८०-१०० मेगाबिट मिळू शकतात, किलोमीटरभर लांबच्या घराला २५-३०. मेगाबिट हे वेगाचं माप आहे, सेकंदाला दहा लाख बिट. एवढं एकदा लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

आणि तांबं म्हातारं होतं. पावसाळ्यात जुना जॉइंट उघडायचा प्रसंग माझ्यावर कितीदा आला असेल. वरचं आवरण कापलं की आतून दमट, कुबट वास यायचा. जुन्या केबलमध्ये तारांभोवती कागद गुंडाळलेला असतो, तो भिजून लगदा झालेला. तांब्यावर हिरवट थर चढलेला. एका जोडीवर हात फिरवायला जावं तर शेजारच्या चार तुटायच्या. साहेब विचारायचे, "लाइन चालू झाली?" चालू व्हायची. पुढच्या पावसापर्यंत.

फायबरचा जोड अगदी वेगळा. काचेचा तो तंतू जेमतेम आठवा भाग मिलिमीटर जाडीचा, केसासारखा. दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवायची, झाकण लावायचं, पडद्यावर ती मोठी होऊन दिसतात. विजेची ठिणगी पडते आणि दोन काचा वितळून एक होतात. पहिल्यांदा मी तो जोड मारला तेव्हा पडद्यावर सांधा शोधत राहिलो. तो दिसतच नव्हता. त्या काचेतून प्रकाश जातो. तो किलोमीटरमागे किलोमीटर फारसा क्षीण न होता जातो आणि शेजारच्या तंतूत झिरपत नाही.

भांडणाची सुरुवात

२००७ च्या निवडणुकीत लेबर पक्षाने वचन दिलं ते मुळात एफटीटीएनचंच होतं. सरकारचे ४.७ अब्ज डॉलर, बाकी पैसा खासगी कंपनीचा. केविन रड पंतप्रधान झाले, निविदा काढल्या, पण एकही प्रस्ताव पटण्यासारखा नव्हता. सगळ्यात मोठी अडचण अशी की देशातलं तांबं टेल्स्ट्रा या एका कंपनीच्या मालकीचं. पूर्वी ती सरकारी होती, १९९७ ते २००६ दरम्यान टप्प्याटप्प्याने विकली गेली. तिच्या तारेवाचून नोडचा बेत पुढे सरकेना.

मग ७ एप्रिल २००९ ला रड यांनी सगळ्यांना चकित केलं. सरकार स्वतः कंपनी काढेल आणि ९० टक्के घरांत थेट फायबर नेईल. वेग १०० मेगाबिट, खर्च ४३ अब्ज डॉलरपर्यंत. उरलेल्या विरळ वस्तीला वायरलेस आणि उपग्रह. हे 'नॅशनल ब्रॉडबँड नेटवर्क', लोकांच्या तोंडी एनबीएन.

ही कंपनी ग्राहकाला थेट काही विकत नाही. ती घाऊक विक्रेता आहे. किरकोळ कंपन्या तिच्याकडून जोडणी घेतात आणि तुम्हाला विकतात. जमिनीत तार एकच, दुकानं अनेक. ही कल्पना मला आजही पटते. एकाच रस्त्यात चार कंपन्यांनी चारदा खणण्यात कोणाचंच भलं नाही.

२०१० च्या निवडणुकीत लिबरल आणि नॅशनल पक्षांच्या विरोधी आघाडीने सहा अब्जांच्या आसपासची स्वस्त योजना मांडली. त्यांचे नेते टोनी ॲबट यांना एबीसी या तिथल्या सार्वजनिक वाहिनीच्या मुलाखतीत वेगाबद्दल खोदून विचारलं, तेव्हा आपण तंत्रज्ञानातले जाणकार नाही असं त्यांनी सांगून टाकलं. निकाल लागला तर दोन्ही बाजूंना ७२-७२ जागा. सरकार कोणाचं हे मूठभर अपक्षांच्या हातात आलं. त्यातले टोनी विंडसर आणि रॉब ओकशॉट ग्रामीण भागातले. ७ सप्टेंबर २०१० ला त्यांनी लेबरला पाठिंबा दिला, आणि विंडसर यांनी त्यामागचं मोठं कारण फायबर असल्याचं उघडपणे सांगितलं. एकदाच करा, नीट करा आणि फायबरने करा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. गावाकडच्या माणसाला हे चटकन कळतं. एकदा सोडून गेलेला ठेकेदार दुसऱ्यांदा लवकर येत नाही, हे त्याने पाहिलेलं असतं.

२०१३ : २५ की १००?

लेबरचं काम मात्र रखडलं. मूळ आराखड्याप्रमाणे जून २०१३ पर्यंत दहा लाखांहून अधिक घरांसमोरून फायबर जायला हवं होतं. प्रत्यक्षात आकडा दोन लाखांच्या आसपास. त्यातच जमिनीखालच्या जुन्या चौकोनी खड्ड्यांमध्ये ॲस्बेस्टॉस सापडलं आणि काम थांबवावं लागलं. विरोधकांची टीका निराधार नव्हती.

९ एप्रिल २०१३ ला ॲबट आणि त्यांचे दूरसंचार प्रवक्ते माल्कम टर्नबुल यांनी पर्याय मांडला. बहुतेक घरांना एफटीटीएन, २०१६ अखेरीस सगळ्यांना किमान २५ मेगाबिट. खर्च २९.५ अब्ज. लेबरचं काम ४४ अब्जांत नव्हे, ९४ अब्जांत जाईल, असा त्यांचा दावा. सर्वसाधारण घराला २५ मेगाबिट पुरून उरतील, असं ॲबट म्हणाले.

ऑगस्टमध्ये एबीसीच्या 'लेटलाइन' कार्यक्रमात टर्नबुल आणि तेव्हाचे दूरसंचार मंत्री अँथनी अल्बनीझी समोरासमोर बसले. दोघेही पुढे पंतप्रधान झाले. दूरसंचारावरच्या वादाला एवढं वजन क्वचितच मिळतं. पण त्या प्रचारातले आकडे आज पुन्हा पाहताना एक गोष्ट खटकते. किती वेग, किती डॉलर, कोणत्या सालापर्यंत, हे सगळे विचारत होते. जमिनीत पुरलेली वस्तू किती वर्षं टिकणार आणि पुन्हा खणायची वेळ कधी येणार, हा प्रश्न मागेच पडला. माझ्या मते सगळा वाद याच एका प्रश्नाचा होता. ७ सप्टेंबर २०१३ ला आघाडी जिंकली.

पण खरंच, २५ पुरत नव्हते का?

त्या वर्षी बहुतेकांना पुरले असते. एक चांगला व्हिडिओ बघायला पाच-सहा मेगाबिट लागतात. पण हिशोब नुसता बघण्याचा नसतो, पाठवण्याचाही असतो. भाचीचंच घ्या. ती इमारतींचे नकाशे करते, एक गिगाबाइटची फाइल तिला नेहमीची. एक गिगाबाइट म्हणजे आठ हजार मेगाबिट. २५ च्या योजनेत वर पाठवायला साधारण ५ मिळतात, म्हणजे १,६०० सेकंद, जवळजवळ सत्तावीस मिनिटं. त्या वेळात नवऱ्याची व्हिडिओ मीटिंग त्याच तारेवर चालू असते.

आणि रस्ता बांधताना आज किती गाड्या आहेत एवढंच मोजून चालत नाही. फायबरची खरी ताकद अशी की टोकांची यंत्रं बदलली की त्याच काचेतून दहापट माहिती जाते. काच तशीच राहते. तांब्यात वेग वाढवायचा तर तारेची लांबीच कमी करावी लागते, म्हणजे कॅबिनेट घराच्या आणखी जवळ आणायचं, म्हणजे पुन्हा खणायचं.

आणि पैशांचं काय?

इथे दोन्ही बाजूंनी लोकांना नीट सांगितलं नाही, असं मला वाटतं.

लेबरने हा खर्च 'गुंतवणूक' म्हणून दाखवला. सरकारने कंपनीत भांडवल घातलं, कंपनी ते सुमारे सात टक्के परताव्याने फेडेल, म्हणून तो अर्थसंकल्पाच्या तुटीत मोजायचा नाही. कागदावर हे बरोबर. पण परतावा द्यायचा तर कंपनीने घाऊक दर चढे ठेवायला हवेत. तसंच झालं. किरकोळ कंपन्यांना प्रत्येक जोडणीचे पैसे द्यावे लागायचे, वर सगळ्या ग्राहकांची मिळून जी वाहतूक व्हायची तिचा वेगळा दर. टोलनाक्यावर किती मार्गिका उघडायच्या तेवढं भाडं भरा, असा प्रकार. कंपन्या मार्गिका कमी घ्यायच्या, आणि रात्री जेवणानंतर सगळे एकदम व्हिडिओ लावायला बसले की इंटरनेट रांगायचं. २०१७ मध्ये तिथल्या ग्राहक आयोगाने सांगितलं की जाहिरातीत कमाल वेग नको, संध्याकाळी ७ ते ११ मध्ये मिळणारा नेहमीचा वेग सांगा. जाहिरातीतला आकडा वाचताना हा नियम आपणही मनात ठेवावा.

आघाडीचा ९४ अब्जांचा आकडा म्हणजे प्रत्येक बाबीत सर्वात वाईट होईल असं गृहीत धरून केलेली बेरीज होती. सत्तेवर आल्यावर डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनीच करवून घेतलेल्या आढाव्यात फायबर योजनेचा खर्च ७३ अब्ज निघाला आणि स्वतःच्या योजनेचा २९.५ वरून ४१. २०१६ चं २५ मेगाबिटचं वचनही तेव्हाच मागे घ्यावं लागलं. २०१८ च्या आराखड्यात तो ४१ चा आकडा ५१ झाला. जुनं तांबं 'आहेच, फुकट आहे' असं वाटतं, आणि तिथेच हिशोब चुकतो. प्रत्येक कॅबिनेटला वीज लागते, उन्हाळ्यात पंखे लागतात, ओले जॉइंट दुरुस्त करायला माणसं लागतात. हा खर्च मी रोज डोळ्यांनी पाहिलेला आहे.

वायरलेस येणारच होतं की!

ही शंका तेव्हाही होती, आणि आता घरोघरी ५जीची जोडणी मिळू लागल्यावर आपल्याकडेही ऐकू येते. वायरलेस उत्तम आहे. पण टॉवरची हवा सगळ्यांची मिळून एकच असते. आषाढीला पंढरपुरात फोन लागत नाही, कारण एकाच टॉवरवर लाखो माणसं. फायबरमध्येही बत्तीसेक घरांत एक तार वाटली जाते, पण ती घरं ठरलेली असतात, आणि कमी पडलं तर यंत्र बदलता येतं. शिवाय टॉवरवर पोचणारी माहिती शेवटी फायबरनेच येते. म्हणजे वायरलेस हवं असेल तरी फायबर जितकं जवळ तितकं बरं.

काम लवकर तर झालं ना?

झालं, आणि हे मान्य करायला हवं. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने नेटवर्क पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. कोरोनाच्या वर्षात सगळा देश घरून काम करत होता तेव्हा बहुतेकांच्या घरात काहीतरी चालणारं होतं. लेबरच्या गतीने गेलं असतं तर अनेक घरं तेव्हा जुन्या जोडणीवरच असती, असं म्हणायला जागा आहे. उंच इमारतीत तळमजल्यापर्यंत फायबर आणि वर पन्नास-साठ मीटर तांबं, हेही चांगलं चालतं. नोडची कल्पना मूर्खपणाची नव्हती. ती तात्पुरती होती, आणि तिला कायमची म्हणून विकलं गेलं.

हे मी नंतर घडलेल्या गोष्टींवरून म्हणतो. सप्टेंबर २०२० मध्ये, काम पूर्ण झाल्याची घोषणा व्हायच्या तीन महिने आधी, त्याच आघाडीच्या सरकारने ४.५ अब्जांची सुधारणा जाहीर केली. त्यातला मोठा भाग नोडवरच्या घरांना मागणीप्रमाणे थेट फायबर देण्यासाठी. २०२२ मध्ये लेबर परत आलं, त्यांनी २.४ अब्ज घातले. जानेवारी २०२५ मध्ये उरलेल्या ६,२२,००० नोडवरच्या घरांसाठी आणखी ३ अब्ज, मुदत २०३० अखेर. ही घोषणा केली ती पंतप्रधान अल्बनीझी यांनी. लेटलाइनच्या त्या चर्चेला तेव्हा साडेअकरा वर्षं होत आली होती.

शेजारी न्यूझीलंडने वेगळं केलं. तिथे सरकारी आणि खासगी पैशातून फायबर टाकायचं ठरलं. त्यात भाग घेण्यासाठी जुन्या टेलिफोन कंपनीने २०११ मध्ये आपले दोन तुकडे केले, तारेची कंपनी वेगळी आणि विक्रीची वेगळी. सरकार बदललं तरी बेत बदलला नाही, आणि २०२२ अखेर ८७ टक्के लोकसंख्येपर्यंत फायबर पोचलं.

आपल्याकडे भारतनेटचा अनुभवही याच्या जवळचा. २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरलं. रचना सरळ रेषेची होती. वाटेत रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की पुढच्या सगळ्या गावांचं नेट बंद. २०२३ मध्ये सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली, तिच्यात आता वर्तुळाकार जोडणी आहे, एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने चालू. हीच रचना पहिल्यांदाच केली असती तर किती बरं झालं असतं, हे ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी दिवसभर थांबलेल्या माणसाला विचारा.

भाचीला काय सांगितलं

१४ सप्टेंबर २०२५ पासून एनबीएनने फायबरवरच्या १०० मेगाबिटच्या योजनेचा वेग ५०० केला, घाऊक दर न वाढवता. त्यासाठी कोणाच्याही दारात खणावं लागलं नाही. नोडवरच्या घरांना हा लाभ नाही, त्यांच्या तांब्यात तो मावतच नाही.

म्हणून तिला लिहिलं, घर सोडू नकोस. आधी कोपऱ्यावरचं हिरवं कॅबिनेट किती लांब आहे ते चालत जाऊन बघ. मग एनबीएनच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून त्या घराला थेट फायबर मिळू शकतं का ते पाहा. बऱ्याच घरांना वरच्या वेगाची योजना घेतली तर फायबर घरात आणायचे वेगळे पैसे पडत नाहीत. फक्त भिंतीला भोक पाडायचं म्हणून घरमालकाची परवानगी लागते.

काल तिचा निरोप आला. कॅबिनेट ४६० पावलांवर आहे, फायबर मिळू शकतं, आणि घरमालकाला तिने ईमेल केलंय.